आकडा मोजून लिहायचा, माहीत आहे म्हणून नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आल्या आहेत आणि आमच्या सांगली जिल्ह्यात उसाचं गाळप ऐन भरात आहे. या दोहोंचा काय संबंध, असं कुणीही विचारेल. मी पलूस तालुक्यातला. एका सहकारी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये ३५ वर्षं नोकरी केली. शिफ्टचा केमिस्ट म्हणून लागलो आणि लॅब इन्चार्ज म्हणून निवृत्त झालो. मला हा संबंध स्पष्ट दिसतो आणि दिवाळीपासून तो मला स्वस्थ बसू देत नाही, म्हणून हे पत्र.

दिवाळीच्या सुट्टीत माझी नात, मुलीची मुलगी, आमच्याकडे आली होती. ती बारावी सायन्सला आहे. सांगलीत क्लास आणि ज्युनिअर कॉलेज एकत्र चालवणारी जी ‘इंटिग्रेटेड’ सोय आहे, तिथं तिचं नाव घातलं आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण गोष्ट एका कॉलेजची नाही. एका दुपारी ती ओसरीवर केमिस्ट्रीचं जर्नल पूर्ण करत बसली होती. मी सहज हातात घेतलं. ऑक्झॅलिक ॲसिड आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन, म्हणजे एक द्रावण दुसऱ्यात थेंब थेंब सोडून किती लागतं ते मोजायचं. तीन रीडिंग: १०.०, १०.०, १०.०. सीबीआर (म्हणजे जुळलेलं, स्थिर रीडिंग) १०.०. शेजारी मैत्रिणीचं जर्नल उघडं होतं. त्यातही १०.०, १०.०, १०.०.

मी तिला एवढंच विचारलं, “परमँगनेटचा पहिला थेंब पडला तेव्हा काय झालं गं?”

“रंग गेला, आबा.”

“किती वेळानं गेला?”

ती माझ्याकडे बघत राहिली.

ज्यानं हे टायट्रेशन एकदा जरी स्वतःच्या हातानं केलं आहे, त्याला या प्रश्नाचं उत्तर जन्मभर विसरता येत नाही. चंचुपात्रात ऑक्झॅलिक ॲसिड असतं, त्यात सौम्य सल्फ्युरिक ॲसिड घालून ६०-७० अंशांपर्यंत तापवलेलं. ब्युरेटमधून, म्हणजे आकडे आणि तोटी असलेल्या उभ्या काचनळीतून, परमँगनेटचा पहिला थेंब पडतो आणि रंग जातच नाही. गुलाबी तसाच राहतो. पात्र हातानं गोल फिरवत राहावं लागतं. नवख्या पोराला वाटतं, आपलं काहीतरी चुकलं. मग हळूहळू तो गुलाबी विरतो. दुसरा थेंब थोडा लवकर विरतो, तिसरा त्याहून लवकर. दोन-तीन मिली गेल्यावर थेंब पडताक्षणी नाहीसा होऊ लागतो. कारण असं, की परमँगनेटपासून जे मँगनीज तयार होतं तेच पुढच्या अभिक्रियेला उत्प्रेरक ठरतं. अभिक्रिया स्वतःचा वेग स्वतःच वाढवते. ऑक्झॅलिकऐवजी मोहर सॉल्ट (लोहाचा एक क्षार) घेतलं तर तापवावं लागत नाही, तिथं पहिल्या थेंबापासून रंग पटकन जातो. म्हणजे एकाच टेबलावर, एकाच ब्युरेटनं, लागोपाठच्या दोन तासांत, एक सावकाश अभिक्रिया आणि एक झटपट अभिक्रिया मुलाच्या डोळ्यांसमोर घडते. रासायनिक गतिकीचा, म्हणजे अभिक्रियांच्या वेगाचा, सबंध धडा त्या चंचुपात्रात असतो.

नातीला “का तापवायचं?” याचं तोंडी परीक्षेचं उत्तर पाठ होतं, अभिक्रियेचा वेग वाढवण्यासाठी. बरोबर उत्तर आहे, त्याला गुणही मिळतील. पण वेग म्हणजे काय हे तिच्या हाताला माहीत नव्हतं.

मी १९७८ साली बारावी झालो. सांगलीतच. आमच्या सरांनी पहिल्या दिवशी ब्युरेटमध्ये परमँगनेट भरून दिलं आणि म्हणाले, वाच. मी सवयीनं द्रावणाच्या वक्र पातळीची खालची कडा वाचली. त्यांनी माझं डोकं हातानं खाली आणून डोळा त्या पातळीला लावला आणि म्हणाले, “या जांभळ्यातून खालची कडा दिसते का तुला? दिसत नाही ना? मग दिसते ती वाच.” गडद द्रावणाची वरची कडा वाचायची, हे मी त्या दिवशी शिकलो ते आजतागायत. पण त्याहून मोठं शिकलो ते दुसरंच. जे दिसतं तेच लिहायचं.

नातीच्या अभ्यासाला मी नावं ठेवत नाही. गणितं तिला माझ्यापेक्षा चांगली येतात. अर्धायुष्य काढायचं, ०.६९३ ला वेग स्थिरांकानं भागायचं, हे ती बोलता बोलता करते. तिला करावंच लागतं. सीईटीत, म्हणजे प्रवेश परीक्षेत, दीड तासात फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे १०० प्रश्न सोडवायचे असतात आणि त्यातला एकही प्रश्न तिच्या हाताला विचारलेला नसतो. इंजिनिअरिंगला खुल्या गटात बारावीच्या ठरलेल्या तीन विषयांत मिळून ४५ टक्के पडले की पात्रता झाली, पुढं सगळं सीईटीवर. मग बोर्डाच्या केमिस्ट्रीत ७० गुण लेखीचे आणि ३० प्रात्यक्षिकाचे आहेत, त्या ३० कडे कोण लक्ष देणार? ते ‘मिळतातच’. ओळखायला दिलेल्या कोणत्या बाटलीत कोणतं सॉल्ट (क्षार), हे परीक्षेआधी पोरांना कळलेलं असतं. अमोनियम असेल तर सोडियम हायड्रॉक्साइडबरोबर तापवल्यावर वास येतो, ओला तांबडा लिटमस निळा होतो, हे कागदावर लिहायला वासाची गरज पडत नाही.

आता कारखान्याकडे येतो. या गतिकीच्या धड्यात ऊससाखरेचं उदाहरण येतं: साखर अधिक पाणी, आम्लाच्या सान्निध्यात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. पाणी भरपूर असल्यामुळे ती अभिक्रिया पहिल्या कोटीची असल्यासारखी वागते, म्हणजे वेग फक्त उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो, एवढं पुस्तक सांगतं. आमच्या पोरांना कुणी सांगत नाही की अभिक्रियेचा वेग आकड्यांत मोजायला माणूस शिकला तोच मुळी या साखरेवर. १८५० साली जर्मनीत विल्हेल्मी यांनी साखरेच्या द्रावणात आम्ल घातलं आणि पोलॅरिमीटरला, म्हणजे द्रावण प्रकाशाला किती वळवतं ते मोजणाऱ्या यंत्राला, डोळा लावला. साखर प्रकाशाला उजवीकडे वळवते, तिचं विशिष्ट वलन अधिक ६६.५ अंश. ती फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज झालं की ते मिश्रण डावीकडे वळवतं, सुमारे उणे २० अंश. म्हणजे नळीतल्या नळीत, काहीही बाहेर न काढता, किती साखर उरली ते वेळेगणिक वाचता येतं. आणि तपमान वाढलं की वेग किती वाढतो याचं जे समीकरण नात घोकत होती, ते अर्हेनियस यांचं. १८८९ चा त्यांचा तो लेख आम्लानं होणाऱ्या उसाच्या साखरेच्या विघटनावरच आहे. ज्या जिल्ह्यात रस्त्यावर ट्रॉल्यांमधून पडलेल्या उसाच्या कांड्या गोळा करत पोरं शाळेत जातात, तिथल्या मुलांना हे ठाऊक नसावं याचं मला फार वाईट वाटतं.

पोलॅरिमीटर आमच्या लॅबमधलं रोजचं यंत्र. रस लेड सबॲसिटेटनं निवळायचा, गाळायचा, नळीत भरायचा, पोल (यंत्रानं दाखवलेली साखर) वाचायचा. ब्रिक्स (रसात विरघळलेला एकूण ऐवज) घ्यायचं, त्यात साखर किती टक्के ती प्युरिटी काढायची. ऊस तुटला की त्याच क्षणापासून त्यातली साखर फुटायला लागते, उसातल्या विकरांनी आणि जंतूंनी. फडातून गव्हाणीत यायला जेवढा उशीर, तेवढी रिकव्हरी, म्हणजे उसातून हाती लागणारी साखर, खाली. आणि ऊन वाढेल तसा हा वेगही वाढतो. मार्चमधला दोन दिवसांचा शिळा ऊस आणि डिसेंबरमधला दोन दिवसांचा शिळा ऊस यांचा रस हाताला सुद्धा वेगळा लागतो. जळीत उसाचं तर विचारूच नका, रस बुळबुळीत होतो. आणि एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर, बांधलेली आहे रिकव्हरीला. १०.२५ टक्के पाया, त्यावर ०.१ टक्क्यागणिक दर चढतो. त्यामुळे लॅबमध्ये जो आकडा लिहिला जातो तो शेतकऱ्याच्या पैशाचा आकडा असतो.

आता जी गोष्ट सांगायची म्हणून हे पत्र लिहायला घेतलं, ती. कारखान्याचं आणि माणसाचं नाव सांगणार नाही.

साधारण वीस वर्षांपूर्वीचा हंगाम. रात्रपाळीत मिल बंद पडली, मोठा बिघाड होता. अशा वेळी चुना आणि सल्फरची प्रक्रिया झालेला गरम रस क्लॅरिफायरमध्ये (रस निवळण्याच्या टाकीत) अडकून पडतो. ९० च्या पुढं तपमान आणि तासन्‌तास थांबणं. रसाचा पीएच (आम्लतेचं माप) सातच्या आसपास असेल तर नुकसान थोडं. पण थांबलेल्या रसाचा पीएच हळूहळू उतरतो. पीएच सातवरून सहावर आला म्हणजे एकाने उतरला असं वाटतं. प्रत्यक्षात हायड्रोजन आयन १० पट झालेले असतात आणि आम्लानं साखर फुटण्याचा वेगही त्याच पटीत वाढतो. म्हणून अशा बंदच्या काळात तासातासाला पीएच बघायचा आणि उतरला की चुना वाढवायला सांगायचं, हे केमिस्टचं काम.

त्या रात्री ड्यूटीवर एक नवीन मुलगा होता. बीएस्सी केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. सकाळी मी गेलो तर लॉगशीटवर ओळीनं लिहिलेलं: ७.०, ७.०, ७.०, ७.०, ७.०. अक्षर सुंदर. मी रस मागवला आणि इलेक्ट्रोड बुडवला. ५.९. पुन्हा बफर (ठरलेल्या पीएचचं द्रावण) लावून मीटर तपासला, पुन्हा बुडवला. ५.९. मग फुटलेली साखर मोजायचं फेहलिंगचं टायट्रेशन लावलं. त्यात रस ब्युरेटमध्ये असतो आणि खाली फेहलिंगचं द्रावण उकळत असतं. रसात फुटलेली साखर जितकी जास्त, तितका कमी रस लागतो. त्या दिवशी रोजच्या मानानं फार थोड्या रसात मिथिलीन ब्लूचा निळा रंग गेला आणि तांबडं दिसू लागलं. मी ब्युरेटकडे बघत उभा राहिलो. जेवढी साखर फुटली होती ती आता काही केल्या पोत्यात येणार नव्हती. ती मळीत जाणार होती.

मी त्या मुलाला ओरडलो नाही. विचारलं, “मोजलंस का?” तो खरं बोलला. म्हणाला, “साहेब, पहिल्या तासाला मोजलं, सात आलं. मग पुढचे तसेच लिहिले.” का, असं विचारल्यावर तो जे बोलला ते मी विसरलेलो नाही. “कॉलेजात आम्ही असंच लिहायचो, साहेब. रीडिंग माहीत असायचं.”

त्या मुलाला मी पुढं तीन हंगाम हाताखाली ठेवलं. तो उत्तम केमिस्ट झाला, आज दुसऱ्या कारखान्यात चांगल्या जागेवर आहे. दोष त्याचा होताच. पण सतराव्या वर्षी त्याच्याकडून १०.०, १०.०, १०.० लिहून घेऊन त्याखाली सही करणारे हात कुणाचे होते? दिवाळीत ओसरीवर नातीचं जर्नल हातात आलं आणि मला ती लॉगशीट दिसली.

मग मी तिला म्हटलं, चल, आपण काहीतरी मोजू. घरात सल्फ्युरिक ॲसिड हाताळायचं नाही. म्हणून मेडिकलमधून टिंक्चर आयोडिन, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि क जीवनसत्त्वाच्या चघळायच्या गोळ्या आणल्या. साबुदाणा शिजवून त्याची पातळ पेज केली, ते आमचं स्टार्च. एका ग्लासात गोळीचं पाणी, त्यात आयोडिन. आयोडिनचा तपकिरी रंग लगेच जातो. दुसऱ्या ग्लासात पेरॉक्साइड आणि पेज. दोन्ही एकत्र ओतले की घड्याळ सुरू. पेरॉक्साइड आयोडिन परत मोकळं करत राहतं, क जीवनसत्त्व ते परत गिळत राहतं, आणि ज्या क्षणी जीवनसत्त्व संपतं त्या क्षणी सबंध ग्लास एकदम काळानिळा होतो. हळूहळू नाही, एकदम.

पहिल्यांदा झालाच नाही. मी अख्खी गोळी घातली होती. आम्ही अर्धा तास बसून राहिलो. मग तीच म्हणाली, “आबा, जीवनसत्त्व जास्त झालंय, संपतच नाहीये.” कारण तिनं शोधलं, मी नाही. पाव गोळी घेतली. दोन्ही ग्लास २६ अंशांवर होते, लॅबमधला माझा जुना थर्मामीटर होता. ७२ सेकंदांनी ग्लास काळा झाला आणि पोरगी ओरडली. पुन्हा केलं, ६८. पुन्हा, ७५. कोमट पाण्यात ग्लास ठेवून ३६ अंशांना केलं, ३९ सेकंद. बर्फाच्या पाण्यात १६ अंशांना २ मिनिटं २५ सेकंद. दहा अंशांनी वेग जवळजवळ दुप्पट होतो हे तिला सूत्रात माहीत होतं. ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर उतरलेलं तिनं पहिल्यांदा पाहिलं.

पण ती जास्त वेळ बघत राहिली ते त्या ६८, ७२, ७५ कडे. “आबा, यातला खरा कुठला?” मी म्हटलं, तिन्ही खरे. तू तिन्ही मोजलेस. ओतताना हात मागंपुढं झाला असेल, पेज थोडी कमीजास्त पडली असेल, बटण दाबायला उशीर झाला असेल. सरासरी काढ, पण तिन्ही लिही. तिनं जर्नल पुढ्यात ओढलं, तीन वेळा छापल्यासारखं आलेलं १०.० बघितलं, आणि काही बोलली नाही. (आयोडिनचा डाग तिच्या ड्रेसवर पडला होता. तो गोळीच्या पाण्यानंच गेला, हेही तिला आवडलं.)

संपादक महोदय, माझं मागणं फार मोठं नाही. आता परीक्षेला जे बाहेरचे परीक्षक येतील त्यांना विनंती आहे, प्रत्येक मुलाच्या हातात दोन मिनिटं ब्युरेट द्या आणि पहिल्या थेंबाचा रंग जायला किती वेळ लागला ते विचारा. ज्यानं प्रयोग केला आहे तो सांगेल. बाटल्यांचे नंबर सकाळपर्यंत कुलपात राहू द्या. प्रयोगशाळा सहायकाच्या जागा भरा. माझ्या माहितीतल्या दोन कॉलेजांत ती जागा कित्येक वर्षं रिकामी आहे, आणि जिथं काचसामान धुणारा माणूस नाही तिथं शिक्षक कितीही चांगला असला तरी प्रयोग होत नाहीत. त्या शिक्षकांना मी दोष देत नाही. सीईटीचा धाक त्यांनाही आहे, वर्गात ८० मुलं आहेत, आणि पालक येऊन विचारतात ते ‘पर्सेंटाइल किती येईल’ एवढंच. त्या पालकांत माझी मुलगी आणि जावई आहेत, आणि फी भरताना मीही हातभार लावला आहे. त्या वेळी लॅब दाखवा, असं आमच्यापैकी कुणी म्हटलं नाही.

जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या चेअरमनसाहेबांना आणि कार्यकारी संचालकांनाही एक सांगतो. गाळप चालू असताना बारावीच्या तीस-चाळीस मुलांना एक दिवस लॅबमध्ये उभं करा. ताज्या उसाचा आणि तीन दिवसांच्या शिळ्या उसाचा रस शेजारी शेजारी ठेवा, दोन्हींचा पोल त्यांच्याकडूनच वाचून घ्या. याला खर्च नाही. आपल्याच सभासदांची मुलं आहेत ती. त्यातलीच काही पाच वर्षांनी रात्रपाळीला आपल्या लॅबमध्ये उभी राहणार आहेत.

नातीनं सुट्टी संपल्यावर कॉलेजात जाऊन सरांना विचारलं, आम्हाला ऑक्झॅलिकचं टायट्रेशन खरंच करता येईल का. मला वाटलं होतं सर टाळतील. त्यांनी टाळलं नाही. म्हणाले, शनिवारी क्लास सुटल्यावर लॅब उघडतो, किती जणी येता सांगा. नऊ जणींनी नावं दिली. कपाट उघडलं तेव्हा ११ ब्युरेट निघाल्या. चारच्या तोट्या फिरल्या, बाकी काचेला काच धरून बसल्या आहेत. सरांनी नातीकरवी मला निरोप दिला, येऊन बघता का. कोमट पाण्यात ठेवून त्या बहुतेक सुटतील, मग पुसून थोडं व्हॅसलीन लावावं लागेल. या शनिवारी मी जाणार आहे.

आपला,
एक निवृत्त साखर केमिस्ट
ता. पलूस, जि. सांगली